पाठीवर पडून विणलेले चौकोन

मणक्याला टीबी होतो हे वयाच्या छप्पन्नाव्या वर्षापर्यंत मला माहीत नव्हतं. टीबी म्हणजे खोकला आणि खंगलेला माणूस, एवढंच डोक्यात होतं. मला एकदाही खोकला झाला नाही. माझी नुसती पाठ दुखत होती.

हे लिहितेय तेव्हा गोळ्या चालूच आहेत. त्या संपल्यावर निवांत लिहायचं असं ठरवलेलं. पण मध्यंतरी माझ्या डॉक्टरांनी विचारलं, याच दुखण्याची एक बाई नुकतीच त्यांच्याकडे आली आहे, घरात कोणाला सांगायला तयार नाही, तुम्ही तिच्याशी बोलाल का? मी फोनवर बोलले. अर्धा तास बोलूनही मुद्द्याचं राहूनच गेलं. ते इथे लिहिते आहे. औषधांची नावं यात सापडणार नाहीत, ती डॉक्टरांना विचारा. घरात काय झालं ते मात्र सगळं आहे, आणि त्यात माझं जे चुकलं तेही.

पाठ

कल्याणच्या एका शाळेत मी ग्रंथपाल आहे. पुस्तकांचे गठ्ठे उचलायचे, खालच्या फळीसाठी उकिडवं बसायचं, त्यामुळे पाठ दुखली तर कुणाला नवल वाटलं नाही, मलाही नाही. पावसाळ्यात सुरू झालेलं दुखणं मलम, शेक, फिजिओथेरपी असं करत दसऱ्यापर्यंत आलं. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, ते मी दगदगीवर ढकललं. वजन उतरलं. स्टाफरूममध्ये सगळ्या विचारायच्या, काय करतेस गं, छान बारीक झालीस. मी खूश होते, हे कबूल करायला हवं. दुखणं आतून पोखरत होतं आणि मी ब्लाउज आत घेत बसले होते.

दिवाळीची साफसफाई करताना कपाटाखालची ट्रंक ओढायला वाकले ती सरळच होता येईना. माझा नवरा सुहास धरून धरून पलंगापर्यंत घेऊन आला. एमआरआय झाला. डोंबिवलीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तो बराच वेळ उजेडासमोर धरला आणि म्हणाले, ठाण्याला मणक्याच्या डॉक्टरांना दाखवा, आजच फोन करतो. मी विचारलं, काय वाटतंय तुम्हाला? ते म्हणाले, तुकडा काढून तपासल्याशिवाय काही बोलणं बरोबर नाही. तुकडा म्हटल्यावर आमच्या दोघांच्या मनात एकच शब्द आला. तो आम्ही एकमेकांजवळ उच्चारला नाही.

पाच दिवस

ठाण्याच्या हॉस्पिटलात पाच दिवस होते. तिथे दिवस लवकर उजाडतो. साडेपाचला ताप बघणार, सहाला चहा, सातला चादरी, आणि मग अकरापर्यंत डॉक्टरांच्या राउंडची वाट बघायची. डॉक्टर दोन मिनिटं येतात आणि आपण ठरवून ठेवलेले सगळे प्रश्न विसरतो. शेवटी मी प्रश्न कागदावर लिहायला लागले. कोणीही आजारी असाल तर एवढं जरूर करा.

तपासणीसाठी मला मशीनखाली पालथं झोपवलं होतं. हलायचं नाही म्हणाले. सुई पाठीत शिरताना माझे पाय थरथरायला लागले, तेव्हा वॉर्डातल्या मावशींनी, ज्यांचं तिथे खरं तर काही काम नव्हतं, माझ्या दोन्ही टाचा हातात धरून ठेवल्या. संपेपर्यंत सोडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच माझ्या केसांचा गुंता सोडवून शाळकरी मुलीसारख्या दोन वेण्या घातल्या. म्हणाल्या, अंबाडा उशीवर टोचतो. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं याची मला अजून रुखरुख आहे.

रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टर खुर्ची ओढून बसले. बसले तेव्हाच मी घाबरले, कारण ते कधीच बसत नसत.

"वाईट बातमी ही की टीबी आहे," ते म्हणाले. "चांगली बातमी ही की टीबीच आहे."

सुहासने चष्मा काढून डोळे पुसले. मला हसू आलं आणि मग रडू. टीबी झाला म्हणून कोणाला हायसं वाटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी कागदावर मणक्याचं चित्र काढून समजावलं. दोन मणके आतून खाल्ले गेले आहेत. छाती स्वच्छ आहे, त्यामुळे माझ्याकडून कोणालाही लागण होणार नाही. गोळ्या वर्षभर किंवा जास्त. आणि तीन महिने पलंगावर आडवं राहायचं, उठायचं ते फक्त पट्टा बांधून, बाथरूमपुरतं. मणका बसला तर पायांची ताकद जाऊ शकते. सुहासने पुन्हा विचारलं, लागणीचं नक्की ना, घरात येणंजाणं असतं. ते म्हणाले, एका ताटात जेवा.

आम्ही काय ठरवलं

गाडीत मागच्या सीटवर मी आडवी होते, सुहास पुढे ड्रायव्हरशेजारी. कल्याण फाट्याच्या पुढे आल्यावर तो वळून हळूच म्हणाला, "स्लिप डिस्क सांगू सगळ्यांना."

आमचा मुलगा ओंकार आणि सून ऋता मानपाडा रोडला राहतात, आमच्यापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. ऋताला तेव्हा चौथा महिना लागला होता. तिचं माहेर ठाण्याचं. सुहासचं म्हणणं असं, की हिला कळलं की माहेरी कळणार, तिथे वेगळाच अर्थ घेतील, पहिलटकरणीला उगाच घोर. डॉक्टरांनीच सांगितलंय ना लागत नाही, मग सांगायचंच कशाला?

मी हो म्हटलं. सुहासवर ढकलून मोकळं व्हायचा मोह होतो, पण मी लगेच हो म्हटलं. मलाही लाज वाटत होती. कशाची, ते आजही नीट सांगता येत नाही. आपण कुठेतरी अस्वच्छ आहोत असं काहीतरी.

ओंकारला खरं सांगितलं. त्यालाही तेच पटलं. शाळेत, सोसायटीत, नातेवाइकांत स्लिप डिस्क. गोळ्यांच्या पाकिटांवरची नावं दिसू नयेत म्हणून सुहास त्या एका स्टीलच्या डब्यात काढून ठेवायचा. त्या गोळ्यांनी लघवी केशरी होते. दर रविवारी ऋता यायची, तेव्हा ती येण्याआधी सुहास बाथरूम दोनदा धुवायचा. साठीला आलेला माणूस फिनेल घेऊन उभा, आणि हे सगळं कशासाठी, तर एक शब्द लपवायला.

चौकोन

पहिले पंधरा दिवस मी नुसती छताकडे बघत होते. पंखा, पंख्याची सावली. पुस्तक हातात धरलं की दहा मिनिटांत दंड भरून यायचे. गोळ्यांनी मळमळ, तोंडाला चव नाही. सुहासला स्वयंपाकातलं चहा आणि ऑम्लेट एवढंच येत होतं. तो फोनवर कृती बघून मुगाची खिचडी शिकला आणि तीन महिने मी ती खाल्ली. चांगली करतो आता.

खरं कळलेली बाहेरची एकच व्यक्ती होती, वत्सला. ती आमच्या शाळेत शिवण-विणकाम शिकवते. मानपाड्याकडच्या जुन्या गावातली, तिथलीच मूळची. शाळेत शुद्ध बोलते, माझ्याजवळ आली की घरच्या बोलीत शिरते. तिला मी भडाभडा सांगून टाकलं.

"झाला त झाला गो," ती म्हणाली. "तू कोनाची चोरी केलीस काय?"

आणि पिशवीतून दोन सुया आणि पांढऱ्या सुती दोऱ्याचे गुंडे काढून माझ्या पोटावर ठेवले.

विणकाम मला आईने शिकवलेलं. पण डोंबिवलीच्या हवेत लोकरीचं काय करायचं? नाशिकच्या बहिणीला एक शाल, कुणाला गळ्याचा मफलर, एवढंच व्हायचं. त्या दसऱ्याला ऋता स्वतःहून म्हणाली होती, आई, बाळासाठी काहीतरी जाळीचं विणा ना, सुतीच, उकडणार नाही असं. मी हो म्हटलं होतं आणि मग हे सुरू झालं. वत्सलाच्या ते लक्षात होतं. मी म्हटलं, आडवं पडून दुलई कशी विणणार? दहा ओळी झाल्या की तिचंच वजन हातांना ओढणार. वत्सला म्हणाली, दुलई विणूच नको, वीतभर चौकोन वीण. एक झाला की बाजूला टाक, दुसरा घे. पंचवीस झाले की जोडू.

पाठीवर पडून विणायचं असेल तर कोपरं दोन्ही बाजूंना उशांवर टेकवायची आणि काम छातीवर, हनुवटीच्या जरा खाली धरायचं. सुया आखूड हव्यात, नाहीतर टोकं उशीत अडकतात. चौकोन एका कोपऱ्यापासून सुरू करायचा. तीन टाके घालायचे, मग प्रत्येक ओळीत कडेला दोरा सुईवरून घेऊन एक टाका वाढवायचा, त्यानेच कडेची जाळी पडत जाते. चौकोन कर्णापर्यंत रुंद होत जातो. मग उलट, दोन टाके एकत्र विणत कमी करत यायचं, शेवटी पुन्हा तीन. मध्ये मी एक पान घालत होते. पानाला मोजणी लागते, आणि मोजताना दुसरं काही मनात येत नाही.

पहिला चौकोन आठ दिवसांनी झाला. तिरका, एका बाजूला सैल. जाळीचं विणकाम सुईवरून उतरलं की चुरगळलेल्या रुमालासारखंच दिसतं. ते ओलं करून, चारी बाजूंनी टाचण्या लावून ताणून वाळवलं की मग पान दिसायला लागतं. सुहासने तो इस्त्रीच्या टेबलावर टाचण्या लावून ताणला. माझ्यापेक्षा जास्त टाचण्या लावल्या त्याने, इंजिनिअरच तो.

डावा पाय

डिसेंबरमध्ये एकदा बाथरूममधून परत येताना डाव्या पायातली चप्पल मागेच राहिली आणि मला कळलंच नाही. सुहासने दाखवली तेव्हा कळलं. आम्ही दोघंही चपलेकडे बघत उभे राहिलो.

डॉक्टर म्हणाले, थोडी वाट बघू. ताकद आणखी कमी झाली तर ऑपरेशन. तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी सुहास पायथ्याशी बसायचा. अंगठा वर कर. आता खाली. आता माझ्या तळहाताला दाब. मी दाबायचे आणि त्याचा चेहरा वाचायचा प्रयत्न करायचे. तो काही दाखवायचा नाही. नंतर एकदा त्याने सांगितलं, की नऊ दिवस डावा पाय रोज थोडा हलका लागत होता आणि तो मला रोज "कालच्यासारखाच" सांगत होता. दहाव्या दिवशी खरोखरच कालच्यासारखा होता. मग हळूहळू जोर यायला लागला.

त्या दिवसांत विणलेल्या दोन चौकोनांत चुका आहेत. एकात पानाचं टोकच नाही. उसवावेत असं वाटलं, मग राहू दिले. जाळीत सुटलेला टाका परत पकडणं महाकठीण, आणि तेवढी ताकद मला पायाकडे लक्ष द्यायला हवी होती.

तो रविवार

जानेवारीतला रविवार होता. ऋता माझ्याजवळ पलंगावर बसली होती. चौदा चौकोन झाले होते, ते ती एकेक मांडीवर पसरून बघत होती. बेल वाजली. ओंकारने दार उघडलं. आरोग्य केंद्रातल्या सेविका होत्या, हातात रजिस्टर. त्या आतल्या खोलीपर्यंत आल्या आणि त्यांनी त्यांचं काम केलं. विचारलं, टीबीच्या पेशंट तुम्हीच ना? गोळ्या वेळेवर चालू आहेत ना? घरात आणखी कोण राहतं, कुणाला खोकला, ताप?

त्या बाईंची काहीच चूक नव्हती. उलट त्या सुटीच्या दिवशी जिने चढून आल्या होत्या.

मग त्यांनी ऋताकडे बघून विचारलं, तुम्ही इथेच राहता का? ऋता म्हणाली, नाही, पण दर रविवारी येते. खोकला? नाही. ताप? नाही. सहावा महिना सरत आलाय. प्रत्येक प्रश्नाचं नीट उत्तर दिलं. सेविका गेल्यावर तिने मांडीवरचे चौकोन एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या, गठ्ठा माझ्या उशाशी ठेवला आणि ओंकारला म्हणाली, "रिक्षा बघ." माझ्याकडे बघितलं नाही.

दोन दिवसांनी ती ठाण्याला माहेरी गेली. जायची होतीच, पण महिनाभराने. ओंकार एकटा यायचा, बसायचा, टीव्ही न लावता टीव्हीकडे बघायचा. तिकडे ठाण्यात डोहाळजेवण झालं, ते आम्हाला फोटोंतून कळलं. सुहास म्हणाला, तू तशीही जाऊ शकली नसतीस. मी त्याच्यावर ओरडले. लग्नाला एकतीस वर्षं झाली, इतकं कधी ओरडले नव्हते. मी म्हटलं, तुझ्या स्लिप डिस्कने माझं घर मोडलं. मीही हो म्हटलं होतं, याची त्याने आठवण करून दिली असती तर बरं झालं असतं.

मी सुया उशीच्या अभ्र्यात चौकोनांसकट टाकल्या आणि अभ्रा कपाटात ठेवायला सांगितला.

दोन मिनिटं

आठ दिवसांनी वत्सला आली. चौकोन कुठे विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, तू ऋताला फोन केलास? मी म्हटलं, ती उचलणार नाही. वत्सलाने फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः बाल्कनीत जाऊन उभी राहिली.

ऋताने पहिल्या रिंगला उचलला.

मी बोलायची तयारी केली होती, की लागण होत नाही, रिपोर्ट आहेत, डॉक्टरांशी बोलायला लावते. तिने मला मध्येच थांबवलं.

"टीबीचं मी माझ्या डॉक्टरांना विचारलं, आई. त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं, काळजी करू नका. तुम्ही तिघांनी मला ती दोन मिनिटं दिली नाहीत."

ती पुढे बोलत राहिली, शांतपणे. दर रविवारी मी तुमचे पाय दाबत होते. मला वाटायचं, आपल्या घरात मला परकं मानत नाहीत. तुम्हाला वाटलं मी पळून जाईन. आणि ओंकार रोज माझ्याशेजारी झोपत होता, आई.

मी म्हटलं, "माझं चुकलं. मला लाज वाटत होती."

ती म्हणाली की तिचा राग जाईल, तिला वेळ हवाय. पण तिची आई मात्र घाबरली आहे, अगदी आतून घाबरली आहे, आणि तिला समजावणं ऋताच्या हातात नाही.

त्या संध्याकाळी सुहासने स्वतःहून सोसायटीतल्या दोन घरी जाऊन खरं काय ते सांगितलं. शाळेत मी मुख्याध्यापिकांना कळवलं. शेजारच्या एका घरून दर गुरुवारी साबुदाणा खिचडी यायची, ती बंद झाली. वरच्या मजल्यावरून मात्र त्याच आठवड्यात दोनदा भाजी आली. कोण कुठे उभं आहे हे कळायला आपल्याला सांगावंच लागतं.

शुभदाताई

फेब्रुवारीच्या सुरुवातीला ऋताची आई, शुभदाताई, कळवल्याशिवाय आमच्या दारात आल्या. एकट्याच. सुहासने खुर्ची माझ्या पलंगाजवळ ठेवली. त्यांनी ती उचलून दाराजवळ नेली आणि तिथे बसल्या. पर्स मांडीवर घट्ट धरलेली.

त्यांनी चहा नको म्हटला. मग जे बोलल्या ते त्यांच्या परवानगीने लिहिते आहे.

त्यांचं आजोळ शहाडचं. तिथे त्यांची धाकटी मावशी होती, कुमुदमावशी, लग्न न झालेली. तिला फुप्फुसाचा टीबी झाला. मागच्या खोलीत ठेवली होती, ताटवाटी वेगळी, कोणी आत जायचं नाही. सुटीत शुभदाताई गेल्या की उंबऱ्यावर बसून तिच्याशी गप्पा मारायच्या. नऊ वर्षांच्या होत्या. एक दिवस मावशीने पाणी मागितलं. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"मी पेला उंबऱ्याच्या आत ठेवला आणि पळाले," शुभदाताई म्हणाल्या. "तिला उठता येत नव्हतं, हे मला माहीत होतं."

मावशी पुढे महिनाभरात गेली. त्या पेल्याचं घरात कोणी कधी विचारलं नाही.

"तुमचा तो टीबी नाही हे मला कळतं," त्या म्हणाल्या. "ऋताने शंभरदा सांगितलंय. कळतं, पण अंग ऐकत नाही."

मला त्यांचा राग येत होता इतके दिवस. खोटं कशाला बोलू, डोहाळजेवणाचे फोटो बघून मी त्यांना मनात बरंच काही बोलले होते. ते सगळं कुठे गेलं कळलं नाही. मी म्हटलं, अंगाला वेळ द्या. मी कुठे जातेय, मला उठायची परवानगीच नाही. त्या हसल्या. हसताना रडल्याही.

मग त्यांनी विचारलं, ऋता म्हणत होती ते चौकोन बघू का. सुहासने अभ्रा आणून त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी घेतला, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. एक चौकोन काढून उजेडाकडे धरला, चष्मा चढवला. दुसरा काढला. आणि मग खुर्चीवरून उठून माझ्याकडे येत म्हणाल्या, "अहो, या पानाला टोक नाही. इथे टाका सुटलाय तुमचा."

त्या पलंगाशी उभ्या होत्या. मी चूक कुठे झाली ते दाखवलं. त्या तिथेच पलंगाच्या कडेला टेकल्या. पंधरा मिनिटं आम्ही त्या पानावर बोललो. त्यांना सुयांचं विणकाम येत नाही, पण क्रोशाचा हात फार सुरेख आहे, टेबलक्लॉथ, तोरणं सगळं केलेलं. विचारलं, हे जोडणार कसे? मी म्हटलं, जोडायचे क्रोशानेच, पण चार जोडले की पुढे माझ्या हातांना पेलणार नाही. त्यांनी सुया काढून माझ्या उशाशी ठेवल्या आणि अभ्रा घडी करून पर्सशेजारी ठेवला. उरलेले अकरा विणा, म्हणाल्या, ओंकारकडून पाठवत जा.

मी पाठवत गेले. महिन्याच्या शेवटी फोन आला. चौकोन तीन वेळा गरम पाण्यात धुतले, राग मानू नका. मी म्हटलं, चौथ्यांदाही धुवा, सुती आहे, काही होत नाही. धुतल्यावर सगळे आक्रसले होते. त्यांनी ते गच्चीत गादीवर टाचण्या लावून ताणले आणि कबुतरं बसू नयेत म्हणून दिवसभर तिथे छत्री धरून बसल्या.

उठणं

तीन महिन्यांनंतरच्या एमआरआयमध्ये मणका धरून होता. ऑपरेशन लागलं नाही. पट्टा बांधून खुर्चीत बसायची परवानगी मिळाली. पहिल्या दिवशी सात मिनिटं बसले. बसल्यावर खिडकीतून समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे दिसले, आणि मला वाटलं, किती रंग आहेत. आडवं असताना फक्त छत आणि आभाळ दिसतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मार्चमध्ये पोटात अन्न टिकेना, काविळीसारखे डोळे झाले, आठवडाभर गोळ्या थांबवून एकेक करत पुन्हा सुरू केल्या. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालं. स्वतःच्या मनाने कधी थांबवू नका, एकही दिवस नाही. गुडघे आजही सकाळी कुरकुरतात. आणि सुहासशी माझं पूर्वीसारखं जमायला चपलेच्या त्या नऊ दिवसांची गोष्ट त्याने सांगेपर्यंत वेळ लागला. त्याने खोटं दोनदा सांगितलं होतं. एकाचा मला राग होता. दुसऱ्यावर मी डिसेंबर काढला.

ऋताला एप्रिलमध्ये मुलगी झाली. नवव्या महिन्यात ती एकदा डोंबिवलीला येऊन गेली होती. माझ्या पलंगावर माझ्याशेजारी आडवी झाली आणि दुपारभर झोपली.

बारसं

बारसं मे महिन्यात ठाण्याला, शुभदाताईंच्या सोसायटीच्या हॉलमध्ये होतं. साडीच्या आत पट्टा बांधून मी सहा महिन्यांत पहिल्यांदा हॉस्पिटलशिवाय कुठे गेले. सरळ पाठीच्या खुर्चीत मला पाळण्याजवळ बसवलं. दुलई पाळण्याच्या कठड्यावर टाकली होती, मे महिन्यात पांघरणार कोण. बायका तिचा कोपरा हातात घेऊन बघत होत्या आणि शुभदाताई सांगत होत्या, विणकाम विहीणबाईंचं, जोडकाम माझं.

त्यांच्या एक नणंद माझ्याजवळ आल्या. साठीच्या, हसऱ्या. म्हणाल्या, तुम्हाला स्लिप डिस्क झालं होतं ना, आमच्या जाऊबाईंना पण आहे, कोणाचं औषध घेता?

ठाण्याच्या मंडळींत ते स्लिप डिस्कच राहिलं होतं. मी उत्तर जुळवत होते. कार्यक्रम त्यांचा, घर त्यांचं, पाहुणे त्यांचे. खरं सांगायचा निर्णय माझा एकटीचा नव्हता, असं मला वाटलं.

शुभदाताई शेजारीच घुगऱ्यांचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. त्या वळल्या.

"स्लिप डिस्क नाही हो," त्या म्हणाल्या, जसं मीठ कमी आहे म्हणून सांगावं तशा आवाजात. "त्यांना टीबी आहे. मणक्याचा. औषधं चालू आहेत."

नणंदबाईंची नजर आधी माझ्याकडे आणि मग पाळण्याकडे गेली. मी ती नजर ओळखते. मी स्वतःकडे अशीच बघत होते कितीतरी दिवस.

शुभदाताईंनी पातेलं खाली ठेवलं, पदराला हात पुसले, पाळण्यातून बाळाला उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मला पट्ट्यामुळे वाकता येत नाही, म्हणून स्वतः वाकून माझा डावा हात बाळाच्या मानेखाली नीट बसवला.

"मान धरा," त्या म्हणाल्या. "अजून सावरत नाही तिची."

नणंदबाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी शेजारची खुर्ची ओढली, माझ्याजवळ बसल्या, बाळाच्या तळपायाला बोट लावलं आणि विचारलं, नाव कोणी सुचवलं? शुभदाताई तोवर पातेलं उचलून पुढच्या पाहुण्यांकडे गेल्याही होत्या.